अर्जात प्रश्नाला रकाना नाही

शाळेसाठी पैसे मागण्याचे अर्ज आपण सगळेच भरतो. शिक्षकाच्या हातून वर्षभरात जे लेखन होते, त्यात ह्या अर्जांचा आणि माहितीपत्रकांचा वाटा फार मोठा आहे. पाठ्यपुस्तकांची परीक्षणे होतात, प्रश्नपत्रिकांवर टीका होते. अर्ज मात्र कोणी वाचून पाहत नाही. आपण भरतो, मुख्याध्यापक सही करतात, जावक क्रमांक पडतो आणि कागद पुढे जातो. प्रस्तुत लेखात मी असे काही अर्ज आणि त्यांच्यामागचे नियम एखादे पुस्तक वाचावे तसे वाचणार आहे. वाचून माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकतो. ह्या बहुतेक अर्जांना शाळेची खोली दिसते, पट दिसतो, फलक लावायची भिंत दिसते. मुलांना काय शोधून काढायचे आहे ते विचारणारा रकाना त्यांत नसतो.

ज्या प्रसंगामुळे हे वाचन सुरू झाले तो थोडक्यात सांगतो. माझी शाळा चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या दक्षिण कडेला आहे. काही मुले मूळ गावातली. बरीचशी मराठवाड्यातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांतली. इंद्रायणी चालत अर्ध्या तासावर. एका हिवाळ्यात सातवीचा वर्ग घेऊन नदीवर गेलो होतो. बंधाऱ्याखाली पांढराशुभ्र फेस साचला होता. आळंदी परिसरात इंद्रायणीवर असा फेस अलीकडच्या वर्षांत वारंवार येतो, वारीच्या दिवसांत त्याची छायाचित्रेही वर्तमानपत्रांत छापून येतात. त्यामुळे फेसाचे मला नवल नव्हते. नवल वाटले ते एका मुलीच्या प्रश्नाचे. ती म्हणाली, "सर, फेस बंधाऱ्याच्या खालीच का? वरच्या अंगाला पाणी तर तेच आहे."

विज्ञानाच्या शिक्षकाला ह्यापेक्षा चांगला प्रश्न मिळणे कठीण. साबणाच्या आणि धुण्याच्या पावडरीच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे पाण्यापासून दूर जाऊ पाहते. असे रेणू पृष्ठभागावर गोळा होतात, पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि एकदा झालेला बुडबुडा लवकर फुटू देत नाहीत. पण बुडबुडा व्हायला आधी हवा पाण्यात घुसावी लागते, आणि ती पाणी बंधाऱ्यावरून आदळते तेव्हा घुसते. वरचे संथ पाणी स्वच्छ दिसते ते केवळ ढवळले गेलेले नाही म्हणून. हे मी सांगून टाकू शकलो असतो. त्याऐवजी आम्ही पाण्याची बाटली रिकामी केली, वरच्या अंगाचे पाणी तिच्यात अर्धे भरले आणि वीस वेळा हलवली. फेस आला. एका मुलाने पट्टी लावून त्याची उंची मोजली. लगेच पुढचे प्रश्न निघाले. नाला मिळतो त्याच्या आधी किती फेस येईल? नंतर किती? पावसाळ्यात कमी येईल का? फेस जास्त असेल तिथे मासे कमी असतील का?

परत येऊन आम्ही वर्षभराची आखणी केली. महिन्यातून एकदा पाच ठिकाणांचे पाणी आणायचे. बाटली तीच, हलवायचे तितक्याच वेळा. सोबत तापमान, पीएच कागदाने आम्लता आणि विंकलर पद्धतीने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. ह्यातले सल्फ्युरिक आम्लाचे काम शिक्षकाने स्वतः करायचे, मुलांनी स्टार्चचा निळा रंग कधी जातो ते पाहून ब्युरेटचे वाचन घ्यायचे. आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे, म्हणजे तुलनेला आकडाही हाती होता. ब्युरेट, काचसामान, रसायने, प्रवास असा सगळा हिशेब नऊ हजार रुपयांच्या आत बसला.

नऊ हजार रुपये मागायला आम्ही एका कंपनीकडे गेलो. कंपनी कोणती हे महत्त्वाचे नाही. तिथली माणसे अतिशय सौजन्याने वागली. त्यांनी छापील नमुना दिला. त्यात शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, पट, लाभार्थींची संख्या, दर लाभार्थी खर्च, काम पूर्ण होण्याची तारीख, कामाआधीचे छायाचित्र, कामानंतरचे छायाचित्र आणि नामफलकाची जागा असे रकाने होते. आमच्या प्रकल्पाला 'कामानंतरचे छायाचित्र' काय जोडायचे हे मला सुचेना. नदी तर तशीच राहणार होती. लाभार्थींच्या रकान्यात मी ३४ लिहिले. अधिकाऱ्यांनी कागद वाचला, नदीच्या नावापाशी थोडे थांबले आणि म्हणाले, "सर, एवढ्याशा रकमेचं काम आमच्याकडे बसत नाही. आणि विषयही जरा नाजूक आहे. तुम्ही डिजिटल क्लासरूम का नाही मागत?" आम्ही ती मागितली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन प्रोजेक्टर आले. त्यातल्या एकाचा दिवा दुसऱ्या वर्षी गेला, तो अजून बदललेला नाही.

रागाच्या भरात हे सगळे त्या अधिकाऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण मी नंतर नियम वाचले, आणि तो नमुना तसा का झाला ते उलगडत गेले. ते समजून घेतल्याशिवाय चांगला अर्ज लिहिता येणार नाही असे माझे मत आहे, म्हणून ह्या भागावर थोडा वेळ घालवू.

कंपनी कायदा, २०१३ ह्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. आपण ज्याला 'सीएसआर' म्हणतो ते हेच. त्याच कलमात असेही म्हटले आहे की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या शिक्षकाला हे वाक्य वाचून हुरूप येतो. कारण मोटारी, ट्रक, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे एवढे कारखाने एका दमात मोजता येणार नाहीत असा हा भाग. परंतु केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मधील परिपत्रकात खुलासा केला की स्थानिक प्राधान्य हे मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही. म्हणजे कुंपणाच्या पलीकडच्या शाळेला हक्क नाही. तिने पटवून द्यायचे आहे.

पैसा कोणाला देता येतो हेही नियमांनी बांधले आहे. कंपनी स्वतः काम करू शकते, नाहीतर नोंदणीकृत न्यास, संस्था अशांमार्फत. अशा संस्थेला आयकर खात्याची ठराविक नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून 'सीएसआर-१' हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो. बाहेरच्या स्वतंत्र संस्थेला तर अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेजवळ ह्यातले काही नसते. त्यामुळे शाळा आणि कंपनी ह्यांच्या मध्ये एक तिसरी संस्था येते. ती संस्था दहा शाळांना एकच गोष्ट पुरवते, कारण तिलाही हिशेब द्यायचा असतो. सीएसआरच्या पैशातून घेतलेली टिकाऊ वस्तू कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही, ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा तशा पात्र संस्थेच्या नावे करावी लागते. हा नियम चांगलाच आहे. कंपनीचा प्रशासकीय खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांपुढे जाता कामा नये. हाही वरवर चांगला. पण ह्याचा परिणाम पाहा. नऊ हजारांचे चाळीस प्रस्ताव वाचायला, पाहायला, तपासायला माणूस लागतो, त्याचा पगार प्रशासकीय खर्चात जातो. चाळीस लाखांच्या एकाच प्रस्तावाला तेवढाच एक माणूस पुरतो. लहान मागणी नाकारली जाते ती कंजूषपणाने नव्हे, ती सांभाळणे महाग पडते म्हणून.

तिसरी गोष्ट ३१ मार्चची. न खर्चलेली रक्कम चालू प्रकल्पाची नसेल तर वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ठरवून दिलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. साहजिकच फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांना असे काम हवे असते जे लगेच उरकेल, मोजता येईल आणि छायाचित्रात दिसेल. रंग, बाके, फिल्टर, प्रोजेक्टर. ह्या वस्तू निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलांना पत्रा हवाच असतो. पण विज्ञानशिक्षणाचा अर्ज त्याच साच्यात ओतला की त्यातले विज्ञान गळून पडते.

गंमत अशी की कायद्याने ह्याची वाटही ठेवली आहे आणि ती फार थोडे शिक्षक वापरतात. नियमांमध्ये 'चालू प्रकल्प' अशी कल्पना आहे : ज्या वर्षी काम सुरू झाले ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारे काम. त्याची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते, मार्चची घाई राहत नाही. आणि कंपनीने कोणत्या विषयांवर खर्च करावा ह्याची जी सातवी अनुसूची कायद्याला जोडली आहे, तिच्यात शिक्षण आहे, तसेच माती, हवा आणि पाणी ह्यांची गुणवत्ता राखणेही आहे. म्हणजे इंद्रायणीच्या फेसाचे तीन वर्षांचे निरीक्षण दोन विषयांखाली बसते. 'विषय नाजूक आहे' ही अडचण खरी असेल, पण ती कायद्याची नाही. ज्या पट्ट्यात देणगीदार आणि नदी शेजारी राहतात, तिथे ही अडचण येणारच. ती लपवण्यापेक्षा अर्जातच स्पष्ट लिहावे असे आता मला वाटते : मुले पाणी मोजतील, कोणाचे नाव घेणार नाहीत, आणि आकडे जसे येतील तसे वहीत लिहिले जातील. ज्याला हे मान्य नाही त्याचे पैसे न घेतलेले बरे.

आता सरकारी योजनांकडे वळू. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा द्यायला सुरुवात केली. शाळेला पाच वर्षांत २० लाख रुपयांपर्यंत अनुदान : १० लाख उभारणीला, १० लाख चालवायला. देशभर अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आणखी ५० हजारांची घोषणा झाली. योजनेचा हेतू मला मान्य आहे, आणि जिथे शिक्षक उत्साही आहे तिथे मुलांनी काय काय केले तेही मी पाहिले आहे. पण मूळ मार्गदर्शिकेतल्या पात्रतेच्या अटी वाचून पाहाव्यात. १,५०० चौरस फूट बांधीव जागा (डोंगराळ भागात १,०००), वीज, संगणक, इंटरनेट, ग्रंथालय, क्रीडांगण आणि सहावी ते बारावीच्या पायरीवरचे वर्ग. दीड हजार चौरस फूट म्हणजे जवळपास तीन वर्गखोल्या. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवी-आठवीला संपतात आणि त्यांच्या सगळ्या खोल्या मिळून एवढ्या भरतात. ह्या अटींनी पैसे वाया जाण्याचा धोका कमी होतो हे खरे. त्याच वेळी ज्याच्याकडे बरेच काही आहे त्यालाच आणखी मिळण्याची सोयही होते. शिवाय उपकरणांचे संच आधीच ठरलेले. इलेक्ट्रॉनिक्स, रोबो, त्रिमिती मुद्रक. प्रश्न कोणताही असो, उत्तर ह्या पेटीतून काढायचे.

ह्या उलट विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना. मूळ योजना २००९-१० ची, २०१७ मध्ये तिला आजचे रूप आले. सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्याने आपली कल्पना मांडायची, शाळेने ती संकेतस्थळावर नोंदवायची, निवड झाली तर मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात १०,००० रुपये. अर्ज कोणत्याही भारतीय भाषेत चालतो. मी वाचलेल्या अर्जांमध्ये हा मला सर्वांत माणुसकीचा वाटला. खोली विचारत नाही, इंग्रजी विचारत नाही, मुलाला नावाने ओळखतो. माझा आक्षेप एकच आहे, पण तो मुळावर आहे. ह्या अर्जाला वस्तू हवी असते. काठीला लावलेली घंटी, हेल्मेटला जोडलेली चावी, गाडीला बसवलेला संवेदक. 'फेस बंधाऱ्याच्या खालीच का' ह्या प्रश्नातून वस्तू निघत नाही, माहिती निघते. मग मुलगी काय करते? नदीतला फेस गोळा करणारे यंत्र कागदावर काढते. फेस कुठून येतो ते शोधायच्या आधीच तो काढायचे यंत्र! गुणवत्तेच्या नावाखाली आपण तिला तिच्या प्रश्नापासून दूर नेलेले असते.

१९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने मात्र नेमका प्रश्नच विचारला होता : मुलांचा लहान गट, आपल्या परिसरातली समस्या, स्वतः केलेली मोजणी. त्या परिषदेच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांनी विहिरी, पिके, कचरा ह्यांचे चांगले अभ्यास केले. पण तिथे प्रकल्पाला आधी पैसे मिळत नव्हते. जिथे पैसे आहेत तिथे प्रश्न नाही आणि जिथे प्रश्न होता तिथे पैसे नव्हते, असा हा मामला.

हाताशी असलेला तिसरा पैसा समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाचा. शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला जास्तीत जास्त २५ हजार, अडीचशे ते हजार पट असेल तर ७५ हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती ह्यांतच तो जातो हे वाचकांना मी सांगायला नको.

सर्वांत चांगला अर्ज कोणता, असे मला कोणी विचारले तर मी होमी भाभांचे पत्र दाखवीन. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी बंगळूरहून सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला ह्यांना ते लिहिले. त्यातून टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४५ मध्ये बंगळूरला काम सुरू झाले आणि त्याच वर्षी संस्था मुंबईला आली. त्या पत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. देशात मूलभूत भौतिकीच्या संशोधनाची नीट परंपरा नाही, गुणी माणसे विखुरलेली आहेत, हे आधी. ती एकत्र आणली तर काय होईल, हे नंतर. पुढे वीसएक वर्षांनी अणुशक्तीपासून वीज करायची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, असा अंदाज त्यात आहे, आणि तो हिरोशिमाच्या सव्वा वर्षाहून अधिक आधीचा आहे. इमारत ह्या सगळ्याच्या मागून येते. काय माहीत नाही आणि ते कोण शोधणार, हा पत्राचा कणा.

हे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. भाभांच्या आत्या मेहरबाई ह्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी होत. त्यांचे पत्र वाचले जाणारच होते. शाळेतल्या शिक्षकाच्या पत्राचे तसे नसते. म्हणून तर छापील नमुन्याची गरज पडते आणि म्हणून त्या नमुन्यात काय विचारले आहे ह्याला एवढे महत्त्व.

पिंपरीत तर ह्या विषयाचा इतिहास घराजवळच आहे. आपण ज्याला 'एच.ए. कंपनी' म्हणतो ती हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली ती युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या मदतीने. यंत्रसामग्रीच्या जोडीला तंत्रज्ञ आणि शिक्षण आले, १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, आणि पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक सापडले. मदत म्हणून फक्त यंत्रे उतरवून घेतली असती तर हॅमायसिन सापडले नसते.

दुसरे उदाहरण ह्याहून साधे आहे आणि मला जास्त जवळचे वाटते. कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली अभियंता होऊन बाहेर पडलेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, ट्रकच्या कामावर होते. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा काढली आणि ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांत सुरू झाला होता. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या, आणि त्यातून कचऱ्यातून विज्ञान खेळण्यांचा पुढचा सगळा संसार उभा राहिला. पुढे २००३ पासून दशकभर ते आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. तिची 'पुलस्त्य' ही इमारत पु. ल. देशपांड्यांच्या नावाशी जोडलेल्या देणगीतून झाली आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता हिशेब करा : कारखान्याने प्रोजेक्टर दिला नव्हता, कारखान्यातला एक माणूस वर्षभर शाळांकडे गेला होता. चाकणच्या कोणत्या नमुन्यात 'तुमचा एक अभियंता महिन्यातून दोन दिवस' असे मागायला जागा आहे?

इथपर्यंत अर्ज काढणाऱ्यांवर टीका झाली. भरणाऱ्यांवरही करायला हवी. माझ्या फायलीतले जुने अर्ज मी काढून पाहिले. 'आजच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या युगात', 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास', 'ग्रामीण भागातील गोरगरीब विद्यार्थी'. ही वाक्ये मी कुठून तरी उतरवली होती आणि नंतर दुसऱ्या शाळांनी माझ्याकडून उतरवली. ज्या अधिकाऱ्याला असे साठ अर्ज येतात त्याने शेवटी पट पाहून निवड केली तर त्याला दोष कसा द्यावा? वास्तविक आपल्याला ह्याहून चांगले लिहिता येते. डी.एड.ला आपण सगळ्यांनी कृतिसंशोधन केले आहे. समस्याविधान, संभाव्य कारणे, गृहीतकृत्य, कार्यवाही, मूल्यमापन. भाभांच्या पत्राचा सांगाडा ह्याहून फार वेगळा नाही. अहवाल बांधून जमा केला, गुण मिळाले आणि ती रीत आपण कपाटात ठेवली. अनुदानाचा अर्ज लिहिताना ती आठवतच नाही.

आणि हे लिहायला कायद्याने एक जागा आधीच दिलेली आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ ह्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. सरकारकडून किंवा 'अन्य कोणत्याही' मार्गाने आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. कलम २२ प्रमाणे ह्या समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि सरकारी योजना व अनुदाने त्या आराखड्यावर आधारायची. नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा. सीएसआरच्या चालू प्रकल्पाची मर्यादाही जवळपास तेवढीच, हा योगायोग मला बऱ्याच उशिरा दिसला. आपल्यापैकी बहुतेकांचे आराखडे मात्र मागच्या वर्षीच्या आराखड्याची तारीख बदलून होतात.

ह्या जानेवारीत आमच्या समितीच्या बैठकीत मी नदीचा कागद ठेवला. प्रोजेक्टरचा दिवा, संरक्षक भिंत असे नेहमीचे विषय संपले होते. एका मुलीचे वडील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहेत. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हातात. त्यांनी मुलांची वही पाहिली आणि विचारले, "बाटली दर वेळी हलवतं कोण?" मी म्हणालो, जो त्या दिवशी पुढे येईल तो. ते म्हणाले, "मग सर, हे आकडे एकमेकांशी लावता येणार नाहीत. आमच्याकडे आधी माणूस बदलून एकच जॉब तीनदा मोजतात. फरक किती येतो तो काढतात. मगच माप धरतात." संशोधनाचा अर्ज तपासणाऱ्या कोणत्याही समितीने ह्याहून नेमका आक्षेप घेतला नसता. विज्ञानशिक्षक म्हणून तो मला सुचायला हवा होता.

पुढच्या शनिवारी ते स्वतः आले. तीन मुलांनी एकाच पाण्याची बाटली पाच-पाच वेळा हलवली. फेसाच्या उंचीत माणसागणिक बोटभर फरक येत होता. मग मुलांनी दाराच्या बिजागरीचा उपयोग करून बाटली एकाच अंतरात हलेल अशी फळी केली. तिला दहा रुपयेही लागले नाहीत.

नवा अर्ज आम्ही समितीच्या ठरावासह, आराखड्याचे ते पान जोडून, ह्या वेळी जिल्हा परिषदेमार्फत पाठवला आहे. सुरुवातीला त्या मुलीचा प्रश्न, तिच्याच शब्दांत. मग आतापर्यंतची मोजणी, तिच्यातली चूक आणि ती कशी सुधारली ते. मग तीन वर्षांची आखणी, मुलांनी कोणते काम करायचे आणि कोणते करायचे नाही. मागणीत ब्युरेट आणि रसायने आहेत, वर्षाचा प्रवासखर्च आहे, आणि महिन्यातून एक शनिवार कंपनीच्या मापन विभागातला एक माणूस आहे. छापील नमुन्यात हे बसत नव्हते, म्हणून 'अन्य माहिती' ह्या शेवटच्या रकान्यात 'सोबत जोडपत्र पाहावे' असे लिहिले. उत्तर अजून यायचे आहे. फेब्रुवारीचे पाणी आणून झाले. नाल्याच्या खालच्या ठिकाणचे वाचन वहीत दोनदा खोडलेले आहे, कारण मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही. ह्या रविवारी ते पुन्हा घ्यायचे आहे.